होमस्टेड पार्क, बीॲट्रिस: डॅनिअल फ्रीमनची १६० एकर जमीन आणि तिचे कागद

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराहून दक्षिणेला चाळीसेक मैलांवर बीॲट्रिस गाव आहे. त्याच्या पश्चिमेला चारेक मैलांवर होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क लागतं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. भारतातून आईवडील आले की इकडची मराठी मंडळी त्यांना शिकागो नाहीतर माउंट रशमोरला नेतात. मी माझ्या बाबांना इथे नेलं, कारण ते यवतमाळ जिल्ह्यात तलाठी होते आणि त्यांची सगळी नोकरी जमिनीचे कागद लिहिण्यात गेली. जमीन, शेती आणि एखाद्या घराण्याचा इतिहास यांत ज्यांचा जीव रमतो त्यांनी इथे अख्खा दिवस ठेवावा. दोन तासांत उरकून परत फिरणाऱ्यांच्या हाती फक्त इमारतीचे फोटो लागतील.

इमारत देखणी आहे, ते आधीच सांगते. हेरिटेज सेंटर २००७ साली उघडलं. त्याचं छत माती उलटवत जाणाऱ्या नांगराच्या फाळासारखं वर उचललेलं आहे. बाहेरचं पार्किंग बरोब्बर एक एकराचं केलंय, म्हणजे एकर केवढा असतो ते गाडीतून उतरल्या उतरल्या कळावं. असे १६० एकर नजरेसमोर आणायचे. शहरात वाढलेल्या मुलांना याहून सोप्या रीतीने एकर शिकवता येणार नाही.

कायदा थोडक्यात असा. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वय एकवीस पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला सरकारी जमिनीतले १६० एकरांपर्यंत मागता येत. तो अमेरिकेचा नागरिक हवा, निदान नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला हवा, आणि सरकारविरुद्ध शस्त्र उचललेला नसावा. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, घर बांधायचं आणि मग पुराव्यानिशी मालकी घ्यायची. सगळी फी मिळून अठरा डॉलर. या एका कायद्याखाली पुढे सुमारे सोळा लाख लोकांच्या नावावर जवळपास २७ कोटी एकर जमीन झाली.

त्यातला पहिला मानला जातो तो डॅनिअल फ्रीमन, आणि हे पार्क त्याच्याच जमिनीवर उभं आहे. १८२६ साली ओहायोत जन्मलेला, लहानपणीच घरच्यांबरोबर इलिनॉयला आलेला, वैद्यकी शिकलेला माणूस. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री तो मिसुरी नदीकाठच्या ब्राउनव्हिलमध्ये होता. आपल्याला तातडीने सैन्यात हजर व्हायचंय, असं सांगून त्याने लँड ऑफिसच्या, म्हणजे सरकारी जमीन कचेरीच्या, कारकुनाला गळ घातली आणि मध्यरात्र उलटताच ऑफिस उघडायला लावलं, अशी गोष्ट सांगतात. त्या दिवशी ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत चारशेहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि पहिलेपणाचा मान सांगणारे इतरही होते. मध्यरात्रीच्या गोष्टीवर ज्याने त्याने आपापला विश्वास ठेवावा. ब्राउनव्हिलच्या दप्तरात त्याचा अर्ज क्रमांक एक आहे, आणि मला तेवढं पुरतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. या जागेचा सगळा जीव फ्रीमनच्या फायलीत आहे. लोक फिल्म बघतात, जुने नांगर बघतात आणि कागदांच्या प्रतींवरून नजर फिरवून पुढे सरकतात. बाबा मात्र तिथेच थांबले. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण एकोणिसाव्या शतकातलं वळणदार हस्ताक्षर लागेना, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवत होते.

पहिल्यांदा जमिनीचं वर्णन. सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व. टाउनशिप आणि रेंज म्हणजे मोजणीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे क्रमांक, आणि सेक्शन म्हणजे एक चौरस मैलाचा चौकोन. त्याचे चार चतुर्थांश, आणि प्रत्येक चतुर्थांशाचे पुन्हा चार तुकडे. वायव्य चतुर्थांशाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, त्याच चतुर्थांशाचा ईशान्य तुकडा, आणि ईशान्य चतुर्थांशाचा नैर्ऋत्य तुकडा. बाबांनी खिशातल्या कागदावर चौकोन आखले. तीन तुकडे ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे, उलट्या टी अक्षरासारखे. "सरळ चौकोन का नाही घेतला यानं? पाणी असंल तिथं," ते म्हणाले. नकाशा पाहिला तर खरंच कब क्रीक नावाचा ओढा जमिनीतून वाहतो, आणि या गवताळ मुलखात झाडं अशा ओढ्यांच्या काठीच. सरपण, कुंपण, घराचं लाकूड, गुरांचं पाणी, सगळं त्या ओढ्यावर. फ्रीमनची पारख मला इथे पटली. अर्ज पहिला गेला ही घाईची बाब झाली, पण जमीन त्याने शेतकऱ्याच्या नजरेनेच निवडली होती.

मग मालकीचा पुरावा, २० जानेवारी १८६८ चा. "पोरी, पंच कोण आहेत ते वाच आधी," बाबा म्हणाले. पंच दोन, जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक. त्यांनी शपथेवर सांगितलंय की फ्रीमनचं घर चौदा फूट बाय वीस फूट आहे, काही भाग ओंडक्यांचा, काही फळ्यांचा, एकमजली, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, फळ्यांची जमीन, आणि राहायला सोयीचं. सुमारे पस्तीस एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेत. तबेला आहे, शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा आहे, मक्याची कणगी आहे. सफरचंदाची चाळीस आणि पीचची सुमारे चारशे झाडं लावलीत.

चारशे! बाबांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. १६० एकरांतले पाच वर्षांत पस्तीसच एकर वहितीखाली, हे त्यांना अगदी बरोबर वाटलं. ज्या मातीत कधी फाळ घुसला नाही, जिथे गवताच्या मुळ्यांचं जाळं खोलवर गेलंय, तिथे बैल आणि पोलादी नांगर असला तरी वर्षाला थोडेच एकर मोकळे होतात. कागद खोटा असता तर आकडा मोठा असता, हे त्यांचं तलाठ्याचं निदान. या पुराव्यावर प्रमाणपत्र क्रमांक एक मिळालं आणि १ सप्टेंबर १८६९ रोजी मालकीहक्काचा पट्टा झाला. उणंपुरं एक पान, पण त्यात घर, गोठा, झाडं आणि शेजारी सगळे सापडतात. माणसाचं एवढं नेमकं चित्र मला कुठल्याही वस्तुसंग्रहालयातल्या पुतळ्याने दाखवलेलं नाही.

या पानात जी जवळजवळ दिसत नाही ती अ‍ॅग्नेस. अ‍ॅग्नेस सूटर आयोवातल्या ल क्लेअरची. तिचं लग्न ठरलं होतं डॅनिअलच्या भावाशी, जेम्सशी. तो यादवी युद्धाच्या काळात गेला. मग डॅनिअलने तिला पत्रं लिहायला सुरुवात केली, मागणीही पत्रातूनच घातली. फेब्रुवारी १८६५ मध्ये लग्न झालं आणि विशीतली ही मुलगी, वयाने सतरा वर्षं मोठ्या माणसाबरोबर, कब क्रीकच्या काठी राहायला आली. पाच वर्षांच्या अटीतली तीन वर्षं तिने तिथे काढली, लेकरं वाढवली. कायदा मात्र असा की अविवाहित किंवा विधवा बाईला स्वतःच्या नावाने जमीन मागता येई आणि नवरा असलेल्या बाईला नाही. डॅनिअल ३० डिसेंबर १९०८ ला वारला. अ‍ॅग्नेस १९३१ पर्यंत होती. त्या चारशे झाडांना पाणी कोणी घातलं असेल हे मला कोणी सांगायला नको. मला मनापासून वाटतं की या जागेत अ‍ॅग्नेसला स्वतंत्र दालन हवं. दोघांच्या कबरी याच जमिनीवर आहेत, तिथवर जरूर जा.

आवारातली पामर-एपर्ड नावाची लाकडी केबिन फ्रीमनची नव्हे, हे ध्यानात ठेवा. खूप जण तेच समजून फोटो काढतात. ती जॉर्ज पामरने १८६७ साली बीॲट्रिसच्या ईशान्येला बांधली आणि १९५० मध्ये इथे हलवली. चौदा बाय सोळा फूट. पामरांची दहा लेकरं त्यात वाढली. आत उभं राहून दहा मुलांच्या गोधड्या कुठे पसरत असतील याचा हिशेब करून बघा.

मागे गवताळ रान आहे, साधारण शंभर एकर. फ्रीमनच्या काळात मोडलेलं गवत १९३९ पासून पुन्हा वाढवायला घेतलं, आणि अधूनमधून ठरवून आग लावून ते निरोगी ठेवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम नावाचं गवत डोक्याच्या वर जातं. तेव्हाच या. गवतात किडे आणि गोचीड असतात, पायभर कपडे घाला. दक्षिणेच्या हद्दीवर ओसेज ऑरेंजची काटेरी कुंपणझाडं दिसतात. काटेरी तारा येण्याआधी गुरं आवरायला हेच कुंपण होतं.

ही जमीन १८६३ पूर्वी मोकळी पडलेली नव्हती. हा ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांचा मुलूख होता. १८५४ च्या कराराने त्यांच्या हातून तो गेला, त्यांना इथून दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठच्या राखीव तुकड्यावर ठेवलं, आणि १८८१ मध्ये तिथूनही उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. फुकट जमिनीची ही गोष्ट वाचताना हा भाग आधी वाचावा, नंतर फ्रीमनची फाईल. बाबांनी विचारलं, "मग आधीच्या कब्जेदाराचं नाव कुठं आहे?" त्या फायलीत तसा रकानाच नाही.

शाळा चुकवू नका. विटांची एका खोलीची ही फ्रीमन शाळा १८७२ साली बांधली आणि १९६७ पर्यंत चालू होती. म्हातारपणी फ्रीमनने याच शाळेवरून भांडण मांडलं. एडिथ बीचर नावाच्या बाई वर्गात बायबल वाचत, प्रार्थना घेत, भजनं म्हणायला लावत. सरकारी शाळेत हे नको, असं फ्रीमनचं म्हणणं. शाळा मंडळाने ऐकलं नाही, खालच्या कोर्टानेही नाही. तो नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०२ मध्ये जिंकला. कारकुनाला मध्यरात्री उठवल्याची गोष्ट ज्याच्याबद्दल सांगतात, तो म्हातारपणी गावाशी असा झगडला, हे वाचून मला त्या गोष्टीतही तथ्य असावं असं वाटायला लागलं.

शेवटी केंद्रातल्या संगणकांबद्दल. नेब्रास्कातल्या जमीन-दाव्यांच्या फायली डिजिटल झाल्यात आणि इथे बसून शोधता येतात. आमच्याबरोबर माझी एक सहकारी होती, तिचे पूर्वज बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, इथल्या विल्बर गावाच्या बाजूला आलेले. आडनाव आणि काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) टाकली, खटपटीनंतर पणजोबांची फाईल निघाली. परदेशातून आलेल्याला नागरिकत्वाचे कागद जोडावे लागत, म्हणून अशा फायली फ्रीमनच्या फायलीपेक्षा जाड असतात. तिला घराची लांबीरुंदी मिळाली, विहीर मिळाली, किती एकर मोडले ते मिळालं, आणि साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारी तिच्या आजीचा काका निघाला. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बाबा दोन तास बसले होते. तुमच्या ओळखीत कोणी जुन्या नेब्रास्कन घरातलं असेल तर त्यांना सोबत न्या, आडनावाची सगळी स्पेलिंगं आणि काउंटीचं नाव आधी विचारून घ्या, आणि संगणकाला सकाळीच बसा. जेवणाचा डबा घरून घ्या, नाहीतर बीॲट्रिसमध्ये जेवूनच इकडे वळा.