पेशींसाठी पॅटर्न: प्रोटीनचा शिक्का मारायचा की खाचा पाडायच्या?

प्रोजेक्टसाठी पॉलिमरवर पेशी हव्या तशा वाढवायच्यात, पीडीएमएस (साच्यात ओतून घट्ट करायचं सिलिकॉन रबर) लॅबमध्ये आहेच, मग शिक्का की खाचा, असं गोव्यातल्या ताळगाव-झुआरीनगरकडची कॉलेजची पोरं दरवर्षी विचारतात. आधी एवढंच ठरव, तुला पेशीचा आकार बदलायचाय की दिशा?

आकार किंवा पेशी किती पसरते हा प्रश्न असेल तर शिक्काच. पीडीएमएसच्या शिक्क्याला फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रोटीन) लावायचं, सुकवून प्लेटवर टेकवायचं आणि उरलेली जागा प्ल्युरॉनिक नावाच्या पॉलिमरने झाकायची, तिथे पेशी चिकटत नाही. ह्यात किती दम आहे ते चेन, व्हाइटसाइड्स, इंगबर ह्यांच्या १९९७ च्या कामात दिसतं: चिकटायची एकूण जागा तेवढीच ठेवली, फक्त ती बारीक ठिपक्यांत लांब लांब पसरवली, तर पेशी ताणून पसरली आणि जगली, आणि आवळून ठेवलेली मेली. साध्या खाचांनी हे दाखवता येत नाही बाबा.

पण भानगडी पण इथेच जास्त. मास्टरला, म्हणजे शिक्का ओतायच्या साच्याला, फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने बारीक नक्षी उठवणं) लागते, म्हणजे क्लीनरूमवाल्या (धूळमुक्त खोलीवाल्या) कोणाच्या तरी मागे फिरा. शिक्का मऊ, जोरात दाबला की उंचवट्यांमधला भाग खाली टेकतो आणि सगळीकडे प्रोटीनच प्रोटीन. जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत नायट्रोजनचा फवारा नसेल तर तो सुकता सुकत नाही. वर पेशी स्वतःचं मॅट्रिक्स (भोवतीचं प्रोटीनचं जाळं) सोडत राहतात, प्ल्युरॉनिकचं ब्लॉकिंग झिजतं, म्हणून लांबच्या कल्चरमध्ये पॅटर्न पुसट होत जातो.

खाचा म्हणजे पीडीएमएसवरच उठवलेल्या बारीक रेघा; त्या धुतल्या जात नाहीत, पेशी त्यांच्या दिशेने लांबट होतात. आणि जुगाड मस्त आहे: कोरी डीव्हीडी-आर सुरीने दोन चकत्यांत उकल, डाय (आतला रंगाचा थर) इथेनॉलने धू, खाचांच्या बाजूवर १०:१ (बेस:क्युरिंग एजंट) पीडीएमएस ओतून ६०-७० डिग्रीला काही तास ठेव, ०.७४ मायक्रॉन अंतराच्या रेघा जवळजवळ फुकट. सीडीवर हेच अंतर १.६ मायक्रॉन. खोली मात्र आपल्या हातात नाही आणि उथळ खाचेला सगळ्या पेशी सारखी दाद देत नाहीत, फायब्रोब्लास्टपासून (जोड-ऊतीच्या पेशी) सुरू कर.

कोरं पीडीएमएस पाणी झटकतं, प्लाझ्मा (पृष्ठभागाला पाणी धरायला लावणारा आयनित वायू) मारावा लागतो आणि त्याचा परिणाम उतरतो, त्यामुळे चवथीच्या सुट्टीआधी मारून ठेवू नकोस.

पीएनआयपीएएम (तापमानाने स्वभाव बदलणारं पॉलिमर)? ३२ डिग्रीखाली पेशींचा अख्खा थर सोडवून घ्यायचा असेल तरच.

क्लीनरूम नाही आणि एकच सेमिस्टर आहे, तर मी खाचाच घेईन. फक्त सोबत सपाट पीडीएमएसचा तुकडा कंट्रोल म्हणून ठेव, नाहीतर व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच.