रुळाची झीज आणि थकवा: पिन-ऑन-डिस्क, ट्विन-डिस्क की घाटातलं मोजमाप?

सांगलीत एम.टेक.च्या प्रकल्पाला जड मालगाड्यांखालचा रूळ हा विषय घेतला, की पहिला मोह पिन-ऑन-डिस्कचा होतो. कारण ते यंत्र प्रयोगशाळेत सहसा असतंच. पण त्यात फिरत्या चकतीवर दाबलेली पिन नुसती घासते. चाक मात्र लोळतं आणि जोडीला जेमतेम टक्काभर घसरतं. शिवाय भार साधारण 200 न्यूटनपर्यंतच. दोन वंगणांची तुलना करायला ठीक. लोळण्यातून, म्हणजे त्याच जागी पुन्हापुन्हा भार पडून, येणाऱ्या थकव्याच्या भेगा त्यात मिळणार नाहीत.

आणि भेगा सोडून नुसती झीज मोजणं फसवं. रूळ झिजतो तेव्हा वरची भेगाळलेली कातडीही जात असते. वंगणाने झीज घटली की भेगांना वाढायला सवड मिळते.

म्हणून आमचा कौल ट्विन-डिस्कला, म्हणजे एकमेकींवर दाबून फिरवलेल्या दोन चकत्यांना. मीटरला 60 किलोच्या रुळाचं डोकं 72 मिमी रुंद, त्यातून 47 मिमी व्यासाची चकती निघते. दुसरी चाकाच्या पोलादाची. स्पर्शपट्टी 10 मिमी ठेवली तर 1500 मेगापास्कल दाबाला सुमारे 7 किलोन्यूटन भार लागतो. भार दुप्पट केला तरी दाब 1.4 पटच वाढतो, हे आधीच ध्यानात घ्या. वेग मिनिटाला 400 फेरे, घसरण 1 टक्का. आधी काही शे फेरे कोरडे, मग पाणी. कोरड्यात पृष्ठभाग ओढला जाऊन बारीक भेगा पडतात. पाणी त्यांत शिरून त्या फाकवतं. सुरुवातीपासूनच पाणी सोडलं तर भेगा फारशा येत नाहीत, आणि निकाल उगाच छान दिसतो. चकतीचा मध्य जरासा सरकलेला असला तरी भार हेलकावतो, झीज लाटांसारखी उमटते. कुपवाडच्या वर्कशॉपमधून चकत्या आल्या की आधी डायल गेज लावून हे तपासा. झीज मोजायला वजन करण्यापूर्वी त्या अ‍ॅसिटोनने धुवा. (रूळ भंगारवाल्याकडून नको, बेकायदा रेल्वे मालमत्ता बाळगणं गुन्हा आहे.)

अमेरिकेत प्वेब्लोच्या चाचणी लूपवर सुमारे 35 टन अ‍ॅक्सलभाराच्या (चाकांच्या एका जोडीवरच्या भाराच्या) गाड्या फिरवतात. आपल्याकडे बहुतेक मार्गांवर 22.9 टन, मालवाहतुकीच्या खास मार्गिकांवर 25. म्हणून तिकडचे झिजेचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

राहिलं प्रत्यक्ष मोजमाप. साताऱ्याकडे आदर्की घाटातले वक्र त्यासाठी उत्तम, मात्र पुणे विभागाची लेखी परवानगी आणि रेल्वेचा माणूस सोबत हवाच. वर्षभराचा वेळ नसेल तर हा नाद नको. असेल तर बाहेरच्या रुळाची बाजूची झीज आणि आतल्या रुळाचा चेपलेला माथा वेगळे नोंदवा, आणि शेजारी नुसते महिने न लिहिता तेवढ्यात गेलेले जीएमटी (रुळावरून गेलेलं एकूण वजन, दशलक्ष टनांत) लिहा.