तपासण्या सगळ्या माझ्या, नवऱ्याची एकही नाही

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं, तेव्हा सांगलीहून पुण्याच्या एका मोठ्या वंध्यत्व सेंटरला गेलो. डॉक्टर भेटायच्या आधीच काउन्सेलर बाईंनी टॅबवर ‘पॅकेज’ दाखवलं : ३८ हजार, आजच भरले तर ३१. आम्ही भरले. सात हजार वाचले म्हणून येताना जेवलोही बाहेर!

माझ्या पाळीचा तो नववा दिवस होता. तरी त्याच दिवशी एफएसएच, एलएच या हार्मोन्ससाठी रक्त घेतलं. हे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायचं असतं, हे मला पुढे कळलं. त्यातच ‘टॉर्च’ होती, म्हणजे गर्भाला धोका असणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी. रुबेलाची (जर्मन गोवर) आयजीजी ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. “रक्तात इन्फेक्शन आहे, त्यामुळेच गर्भ राहत नाही,” असं सांगून तीन महिने गोळ्या, इंजेक्शनं. मग पुन्हा तीच तपासणी, पुन्हा पॉझिटिव्ह, पुन्हा इंजेक्शनं. ती आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी लस घेतलेली असते किंवा आजार होऊन गेलेला असतो. थोडक्यात, रुबेलापासून संरक्षण आहे. ती पॉझिटिव्हच राहणार! बरं वाटायची गोष्ट मला आजार म्हणून विकली.

सासूबाईंनी तोवर माझ्याकडून सोळा सोमवार करून घेतले होते. त्यांचा तरी काय दोष, कागदावर पॉझिटिव्ह लिहिलं होतं ना.

नऊ महिन्यांनी मिरजेतल्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. फाइल उलटसुलट चाळून त्यांनी विचारलं, “ह्यांचा रिपोर्ट कुठाय?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. वीर्यतपासणी कुणी सांगितलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर ह्यांनाही ते बरंच वाटलं होतं.

तीन दिवस संबंध टाळून ह्यांनी लॅबमध्येच सॅम्पल दिलं. खर्च काही शे रुपये. शुक्राणू मिलिलिटरमागे ४० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. बाईंनी लगेच निष्कर्ष काढला नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायला लावली. तीही तशीच आली. मग यूरॉलॉजिस्टनी तपासून सांगितलं, व्हेरिकोसील. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या.

तुम्ही जाल तेव्हा पॅकेज घेऊ नका. प्रत्येक तपासणी का, हे विचारा, सुटं बिल मागा. आणि नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बायकोला कुठल्याही इंजेक्शनला हात पुढे करू देऊ नका.

पैसे परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’. गेल्या आठवड्यात तिथून फोन आला : “मॅडम, तुमची टॉर्च रिपीट करायची आहे, सध्या वीस टक्के सूट आहे.”