बेळगावातनं दक्षिणेचं आकाश टिपायचंय: ट्रायपॉड, ट्रॅकर की स्मार्ट टेलिस्कोप?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली बरीच मंडळी आता आकाशाचे फोटो काढायला लागलीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, पैसे कशात घालायचे. उत्तरेकडच्या लोकांचे व्हिडिओ बघून ठरवू नका. आपला अक्षांश जवळपास १६, म्हणजे त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह आपल्याकडं दक्षिणेला १४ अंश वर येतो, पुण्यात साडेअकराच्या आसपास आणि दिल्लीत तर क्षितिजालाच चिकटलेला असतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडं २६-२७ अंशांवर, सेंटॉरस ए ही दीर्घिका ३१ वर. एवढी उंची मिळते म्हणूनच हा सगळा विचार करायचा.

पण १४ अंश म्हणजे डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं चौपट हवेतनं प्रकाश येणार, तारे मंद आणि पिवळट दिसणार. कितीही महागडं सामान घ्या, हे काही टळत नाही.

आधी साधा ट्रायपॉड. कॅमेरा घरात असेल आणि नुसते तारकासमूह हवे असतील, म्हणजे त्रिशंकू, शेजारचे मित्र आणि मित्रक हे दोन तारे, खाली डोंगराची रेघ, तर दुसरं काहीच घेऊ नका. ताऱ्यांच्या रेघा न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येतं त्यासाठी लोक ५०० चा नियम सांगतात, ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं आणि क्रॉप (म्हणजे लहान आकाराचा) सेन्सर असेल तर अजून दीडनं, मग २४ मिमीला साधारण १४ सेकंद येतात. पण तारा आकाशाच्या ध्रुवाच्या जेवढा जवळ तेवढा तो फोटोत कमी सरकतो, आणि त्रिशंकू उणे ६० क्रांतीवर, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासून ६० अंश दक्षिणेला असल्यामुळं मृगाच्या पट्ट्यातल्या ताऱ्यांच्या निम्म्यानंच सरकतो. म्हणजे त्याच लेन्सवर २० सेकंद आरामात चालतात, ५० मिमीवर १० सेकंद. असे पन्नास-शंभर फोटो काढून स्टॅक केले, म्हणजे सॉफ्टवेअरनं एकावर एक जुळवले, की त्रिशंकूच्या कुशीतला कोलसॅक या धुळीच्या ढगाचा काळा डाग उठून दिसतो आणि वरचा तांबूस तारा बाकीच्या निळसर ताऱ्यांपेक्षा वेगळा कळतो. मला स्वतःला हाच फोटो सगळ्यात जास्त आवडतो.

ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, त्याचं गणित आपल्याकडं वेगळं पडतं. स्टार ॲडव्हेंचररसारखा ट्रॅकर आणि १३५ मिमी लेन्स असली की क्रॉप सेन्सरवर साधारण १० बाय साडेसहा अंशांचं आकाश मावतं, म्हणजे त्रिशंकू आणि कोलसॅक एकत्र, किंवा सगळा कॅरिना तेजोमेघ आजूबाजूच्या गुच्छांसकट, किंवा ज्येष्ठा ताऱ्याच्या भोवतीचे रंगीत ढग. असं रुंद चित्र दुसऱ्या कशानं येत नाही. पण ट्रॅकर लावायला ध्रुवतारा दिसावा लागतो आणि तो आपल्याकडं उत्तरेला फक्त १६ अंश वर आहे, म्हणजे दक्षिण मोकळी पाहिजे आणि उत्तरही मोकळी पाहिजे. जांबोटी-कणकुंबीकडच्या झाडीत अशी जागा शोधता शोधताच रात्र जाते. शिवाय साध्या, मॉडिफाय न केलेल्या कॅमेऱ्यात हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडतो, त्यामुळं कॅरिना फिका गुलाबी येतो, हे धरून चाला.

स्मार्ट टेलिस्कोप म्हणजे कॅमेरा आतच असलेली, आपली आपण वळणारी दुर्बीण. त्यात २०२३ साली आलेला सीस्टार एस५० सगळ्यांना माहीत आहे, ५० मिमी भिंग, २५० मिमी फोकल लेंथ. ध्रुवतारा दिसो न दिसो, तो आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांवरनं आपली दिशा आपणच ठरवतो, त्यामुळं उत्तरेला झाडं असली तरी बिघडत नाही. फ्रेम मात्र साधारण सव्वा अंश बाय पाऊण अंश. ओमेगा सेंटॉरी त्यात असा बसतो की जणू त्याच्यासाठीच मापून केलाय, सेंटॉरस ए चा मधला काळा पट्टा दिसतो, ज्युवेल बॉक्स हा तारकागुच्छ छान येतो. कॅरिना मात्र दोन अंशांचा, तो मावत नाही, मोझॅक करावं लागतं, म्हणजे तुकडे काढून जोडावे लागतात. त्रिशंकू तर विसराच, तो सहा अंशांचा. आत ड्युअल बँड फिल्टर, म्हणजे तेजोमेघांचे मोजके रंगच आत सोडणारी काच आहे, त्याचा शहराच्या उजेडात तेजोमेघांना खरोखर उपयोग होतो, टिळकवाडीतल्या गच्चीवरनंही.

माझं मत स्पष्ट आहे. कॅमेरा असेल तर पहिला एक उन्हाळा ट्रायपॉडवर काढा. कॅमेरा नसेल आणि गुच्छ, दीर्घिका बघायची ओढ असेल तर थेट स्मार्ट टेलिस्कोप. ट्रॅकर त्यांनीच घ्यावा ज्यांच्याकडं दोन्ही बाजू उघडी असलेली जागा हाताशी आहे आणि एडिटिंगला बसायची तयारी आहे, पण अशा माणसाला तिन्हीतलं सगळ्यात सुंदर काम ट्रॅकरच देईल यात शंका नाही.

जागेचं बोलायचं तर शहराच्या दक्षिणेला जा. उत्तरेच्या काकतीकडनं बघितलं तर बेळगावचा सगळा उजेड नेमका दक्षिणेलाच येतो, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या बाजूनं तोच पाठीमागं जातो. खानापूरच्या पुढं अंधार जास्त, पण गवे आणि अस्वलं आहेत, जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरू नका, गावाजवळच्या ओळखीच्या शेतात थांबा. चिक्कोडी-निपाणीकडं ऊस गेल्यावर पाचट पेटवतात, तो धूर नेमका खालच्या १५ अंशांतच साठतो.

वेळ कमी असते. त्रिशंकू १० अंशांच्या वर रात्रीतनं चारच तास असतो. मार्चअखेरीस तो साडेबाराच्या सुमाराला सगळ्यात वर, एप्रिल संपताना सव्वादहा-साडेदहाला. कॅरिना त्याच्या पावणेदोन तास आधी, ओमेगा तासभर नंतर. वळीव पडून गेल्यावर ढग फाटले तर ती रात्र सोडू नका, हवा धुतलेली असते. जूनमध्ये पाऊस लागला की विषय संपला, म्हणून वृश्चिक-धनुकडची आकाशगंगाही मार्च ते मेमध्ये पहाटेच उरकायची.

आणि पैसे द्यायच्या आधी एक करा. एप्रिलअखेर रात्री दहाला तुमच्या नेहमीच्या जागी उभं राहून दक्षिणेला हात ताठ करून क्षितिजावर मूठ धरा, मूठ म्हणजे साधारण १० अंश. झाडं किंवा घरं मुठीच्या वर जात असतील तर कुठलंच सामान त्रिशंकू दाखवणार नाही, पण अडीच मुठींवर आकाश मोकळं असेल तर ओमेगा आणि सेंटॉरस ए तिथनं मिळतील, आणि मग स्मार्ट टेलिस्कोपच घ्या.