जुनी पिकअप देताना: शोरूमचा एक्सचेंज, एजंट की थेट गिऱ्हाईक?

आमची पिकअप २०१८ ची. यावल तालुक्यातल्या बागांमधून केळी काढून सावद्याला पोचवायची, हे तिचं रोजचं काम. पावसाळ्यात खताच्या गोण्या, दसऱ्यानंतर जिनिंगला कापूस. २०२५ च्या दिवाळीत ती देऊन नवी घेतली. त्याआधी महिनाभर शोरूम, एजंट आणि गिऱ्हाईक अशा तिन्हीकडे फिरलो आणि प्रत्येकाचा भाव वहीत मांडत गेलो. वहीत मांडला म्हणूनच कळलं, की जो आकडा ऐकायला मोठा वाटत होता त्यात आमच्या हातात सगळ्यात कमी पडणार होतं. जुनी गाडी काढायच्या विचारात असाल तर हा हिशोब आधी बघून घ्या.

शोरूमचा आकडा कसा वाचायचा

शोरूमनं गाडी बघून ४,७०,००० सांगितले, वर एक्सचेंज बोनस २०,०००. झाले ४,९०,०००. एजंट तेव्हा ४,७५,००० च्या वर सरकत नव्हता. घरात सगळ्यांचं मत पडलं, शोरूमलाच देऊन टाकू.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाला त्याच शोरूममध्ये पाठवलं. त्यानं जुन्या गाडीचा विषयच काढला नाही, तीच नवी गाडी, तेच मॉडेल, फक्त कोटेशन मागितलं. त्याला ३०,००० ची सूट मिळाली. आमच्या कोटेशनात ही सूट कुठेच नव्हती. म्हणजे ४,९०,००० मधले ३०,००० आमचेच होते, एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेले. राहिले ४,६०,०००. मग विम्याचा रकाना बघितला. तोच विमा बाहेरून ११,००० नं स्वस्त पडत होता, पण एक्सचेंज हवा असेल तर विमा आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गाडी घेणाऱ्याचा असतो, शोरूम सक्ती करू शकत नाही. तरी अडून बसले तर तेवढे पैसे जुन्या गाडीच्या भावातून वजा धरायचे. आता उरले ४,४९,०००.

म्हणून शोरूममध्ये "जुन्याचे किती देता?" हे विचारूच नका. "दादा, काय अपेक्षा आहे?" असं त्यांनी विचारलं तरी आकडा सांगू नका. दोनच गोष्टी कागदावर लिहून मागा: जुनी गाडी ठेवून घेऊन सगळं धरून वरून किती द्यायचे, आणि जुनी न देता सगळं धरून किती द्यायचे. या दोन आकड्यांतला फरक हाच तुमच्या गाडीचा खरा भाव. बोनस, लॉयल्टी, अ‍ॅक्सेसरीज यांची नावं काहीही असोत, सगळं त्या फरकात येऊन बसतं.

तरीही शोरूम वाईट असं मी म्हणणार नाही. नवी गाडी मिळेपर्यंत जुनी तुमच्याकडेच राहते, भाडं एक दिवसही बुडत नाही. कापणी सुरू असताना दोन दिवस गाडी नसली की बागवाला दुसऱ्याला फोन लावतो आणि ते गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. जुन्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर शोरूम ते परस्पर भरून बोजा उतरवायचं काम करून देतं, आणि जुन्या गाडीची रक्कम डाउन पेमेंटमध्ये धरली जाते. कर्ज अर्धं राहिलंय, घरात गाडी एकच आहे आणि हातात रोकड नाही, अशा माणसानं वीस-पंचवीस हजार कमी घेऊन शोरूमला द्यावी. ते पैसे सोयीचे समजावेत. पण सोयीचे किती गेले हे आधी काढलेलं असावं.

जीएसटीचं कारण

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ९ लाखांची नवी पिकअप त्यामुळे सुमारे ७०,००० नं उतरली. लगेच सगळे जुन्या गाडीतूनही ७०,००० कापू लागले. मलाही हेच ऐकवलं. इथे डोकं शांत ठेवून गणित करायचं. नवीचा भाव उतरला तो जवळजवळ आठ टक्क्यांनी. जुनीचाही तेवढ्याच टक्क्यांनी उतरावा, तेवढ्याच रुपयांनी नव्हे. आमच्या गाडीचे आधी साडेपाच लाख येतील असा बाजार होता. त्याचे आठ टक्के ४४,००० होतात, ७०,००० नाही. ही मांडणी समोर ठेवल्यावर एजंट गप्प झाला आणि आकडा थोडा वर आला.

एजंट

धुळ्याला मावसभावाच्या ओळखीच्या एजंटाकडे गाडी नेली. त्यानं "भाऊ, कितलामा देशी?", म्हणजे केवढ्याला देणार, एवढंच अहिराणीत विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत गाडीमागे उकिडवा बसला. त्यानं गाडी बघितली ती पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पैसे तिथेच कापले जातात.

आधी मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बघितल्या. पाटा सरळ झालाय का, एखादं पान बदललंय का. कापूस शिगोशीग भरणाऱ्यांच्या गाडीचे पाटे बोलतात. मग हौद्याच्या खाली शिरून पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं. खताच्या गोण्यांचं मीठ पावसात झिरपून आमच्या हौद्याच्या कोपऱ्यात पत्रा सडला होता, टोक सरळ आरपार गेलं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. आतून धुराचे झटके येत असतील तर इंजिनकामाचे पैसे आधीच कापले जातात. आमचं इंजिन बरं निघालं. चेसिसवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. मीटरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. क्लचच्या पेडलचं रबर किती गुळगुळीत झालंय, ते मात्र बोटानं चाचपलं.

हौद्याच्या सडक्या पत्र्याचे त्यानं १५,००० कापले. तेच काम मी भुसावळच्या वेल्डिंगवाल्याकडून ३,५०० त करून घेतलं. जिथे कापले जाणारे पैसे खर्चाच्या चौपट असतात ते काम आधी उरकून घ्यावं: सडका पत्रा, बंद दिवे, फुटका आरसा, फाळक्याच्या तुटलेल्या कड्या. नवे टायर मात्र टाकू नका. पाच टायरांचा खर्च परत येत नाही, समोरचा फक्त "टायर चांगले आहेत" म्हणून पुढे सरकतो. ताजा रंगही नको. ताजा रंग दिसला की गाडी ठोकलेली आहे का, ही शंका पहिली येते. केळीच्या चिकाचे काळे डाग राहू द्या. ते कोणाला खटकत नाहीत, उलट गाडी काय कामाला होती ते कळतं.

एजंटाची खरी ताकद रोख आणि वेग. सकाळी गाडी, दुपारी खात्यात पैसे. कागदपत्रांत गुंता असेल, पासिंग, म्हणजे फिटनेसचा दाखला, संपलेलं असेल, तरी तो घेतो. पण त्याची धोक्याची बाजू पैशांपेक्षा मोठी आहे, ती पुढे सांगतो.

थेट गिऱ्हाईक

आमची गाडी शेवटी चोपडा तालुक्यातल्या एका भाजीच्या व्यापाऱ्यानं ५,१२,००० ला घेतली. वेल्डिंगचे ३,५०० आणि गाडी दाखवण्यात गेलेली दोन भाडी वजा केली तरी पाच लाखांच्या वर उरले. शोरूमच्या खऱ्या भावापेक्षा पन्नास हजारांहून जास्त.

पण याला तीन आठवडे लागले. पहिलं गिऱ्हाईक चार वेळा येऊन गेलं. दुसरं मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचं होतं. रावेरपासून बऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे तिकडून विचारणा होतेच. पण राज्य बदललं की आरटीओची एनओसी, तिकडे पुन्हा नोंदणी, तिकडचा टॅक्स असा सगळा खर्च लागतो आणि गिऱ्हाईक तो आपल्या भावातून कापतं. नवापूरकडच्या गाडीला सुरतचं गिऱ्हाईक आलं तरी तेच. त्यानं सांगितलेला भाव मोठा वाटला तरी हा खर्च कोण करणार ते आधी ठरवा. तिसऱ्याला कर्ज काढून घ्यायची होती. फायनान्सवाल्याच्या माणसानं मूल्यांकन कमी केलं आणि सौदा मोडला. म्हणून विसार घ्या, आम्ही ११,००० घेतला, आणि कोण मागे फिरलं तर विसाराचं काय हे पावतीवरच लिहा.

वेळ साधली तर थेट विक्रीत भाव आणखी सुधारतो. आपल्याकडे कापूस घरात यायला लागला की पिकअपला मागणी येते. दसऱ्याच्या आधी एजंट गाड्या गोळा करतात ते याचसाठी. आणि जानेवारी लागला की सगळे उत्पादनाचं साल बघून एक वर्ष जुनी धरतात, गाडी तीच असली तरी. आणखी एक टप्पा आठ वर्षांचा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं. आम्ही आठ पूर्ण व्हायच्या आत काढली, घेणाऱ्याला हे माहीत होतं आणि त्यानं ते मान्यही केलं. विमा शिल्लक असेल तर तोही मोजून सांगा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं १६,०४९ रुपये आहे, कर वेगळा. आठ महिने बाकी असतील तर दहा हजारांच्या वर किंमत तिथेच आहे. फक्त क्लेम न घेतल्याची सवलत, म्हणजे एनसीबी, गाडीबरोबर जात नाही. ती मालकाची असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन नव्या पिकअपच्या विम्याला लावा.

मोबाइलवर जुन्या गाड्या विकायच्या जागा आहेत त्यांचं थोडक्यात: तिथले भाव बघून अंदाज येतो, पण ते विकणाऱ्यांनी मागितलेले भाव असतात, मिळालेले नाहीत. फोन बहुतेक एजंटांचेच येतात.

नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

आमच्या गावात एकानं गाडी एजंटाला दिली, टीटीओचा, म्हणजे मालकाचं नाव बदलायच्या फॉर्मांचा, कोरा सेट सह्या करून दिला, पैसे घेतले आणि विसरला. गाडी पुढे दोघांच्या हातातून फिरली, नाव कोणी बदललं नाही. अपघात झाला तेव्हा नोटीस पहिल्या मालकाच्या घरी आली. हा माणूस आजही तारखांना जातो. कायदा इथे स्पष्ट आहे: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकलेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

एजंटाला देणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत जुन्या वाहनांचा विक्रेता आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे, की अशा विक्रेत्याला गाडी देताना नमुना २९सी ऑनलाइन भरायचा, म्हणजे त्या दिवसापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. त्याच्याकडे हा दाखला नसेल तर दोन-पाच हजार जास्त देत असला तरी मी गाडी देणार नाही.

थेट विक्रीत नाव बदलायला नमुना २९ आणि ३० भरायचे, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा नमुना ३५ आणि फायनान्सची एनओसी. राज्यातल्या राज्यात विकल्याची माहिती विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्याआधी ई-चलन भरून टाका, चलन बाकी असेल तर काम अडतं. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवून घ्या. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असलेल्या मोठ्या पिकअपला परमिट लागतं, तेही नावावर करावं लागतं, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा. आणि कोणी सगळे पैसे रोख द्यायला आलं तर नको म्हणा. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं, तोही घेणाऱ्याला.

व्यापारीभाऊ गाडी न्यायला आले तेव्हा सौदा पावतीवर आम्ही तारखेबरोबर वेळही लिहिली: दुपारी २ वाजून ४० मिनिटं. त्या मिनिटानंतरचा टोल, चलन, अपघात, माल, सगळं त्यांचं. दोघांच्या सह्या, आधारच्या झेरॉक्स, मीटरचा फोटो. गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाली, तसा मी तिथेच उभ्या उभ्या फास्टॅग बंद करायची विनंती टाकली. पुढचे दिवस रोज सकाळी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून बघत होतो, आणि सतराव्या दिवशी मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव आलं.