आंगणासाठी तुती की कागदी तुती?

गोठ्याच्या पश्चिमेला उन्हाची झळ अडवायला लवकर वाढणारं झाड हवं असेल आणि तुती की कागदी तुती अशा विचारात तुम्ही असाल, तर माझा अनुभव कामी येईल. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी ही दोन्ही झाडं होती. आता एकच ठेवलं आहे. तरीही आधी कागदी तुतीची बाजू मांडतो, कारण झाड गुणाचं आहे आणि ते वाईट म्हणून मी काढलेलं नाही.

सावलीत ती तुतीला सहज मागं टाकते. पान मोठं, वरून खरखरीत, खालून मऊ लव असलेलं. एकाच फांदीवर एक पान अखंड, तर शेजारचं खोल कातरलेलं. पावसाळ्यात ती अशी उंचावते की बघत राहावं. वड, उंबर, फणस यांच्याच कुळातली, त्यामुळं पान तोडलं की चीक येतोच. हिरवी फांदी सोलली की साल लांबच लांब पट्ट्यांत निघते. भाजीच्या जुड्या आणि दोडक्याचे वेल बांधायला मी तीच वापरायचो, सुतळीची आठवण यायची नाही. जपानमधला वाशी कागद याच सालीच्या लांब धाग्यांचा होतो. टोंगा, फिजी, सामोआ या बेटांवर साल कुटून-कुटून तापा नावाचं कापड करतात. एवढी लोकोपयोगी साल देणारं झाड आपल्या दारात असावं असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आता फुटव्यांबद्दल बोलतो, कारण माझ्यापुरता निर्णय त्यांनीच केला.

कागदी तुतीची मुळं उथळ असतात आणि लांब पळतात. त्या मुळांतून जागोजाग नवी झाडं वर येतात. बुंध्याजवळ आली असती तर काही म्हणणं नव्हतं. आमच्याकडं ती विहिरीच्या ओट्याला खेटून आली, गव्हाणीखालून आली, हळदीच्या वाफ्यात आली. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्या भेगांतूनही कोंब डोकावायचे. निंदताना विळ्यानं कापावं तर तिथूनच दाट झुपका. कुदळीनं मूळ तोडावं तर तुटलेला तुकडा वेगळं झाड होऊन उभा. बकऱ्यांना सोडलं तर त्या शेंडे खातात, पण खालचं मूळ जिवंतच. तणनाशकानं जातात म्हणतात, पण पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ ते मारायला माझं मन धजलं नाही. शेवटी एका सकाळी शेजारचे काका कुंपणाशी येऊन शांतपणे म्हणाले, “भाऊ, तुमचं झाड माह्या वांग्यात निंगालं.” भांडले असते तर बरं वाटलं असतं. आपल्या झाडाचा त्रास दुसऱ्याच्या वावरात जाणं मला सहन झालं नाही.

मग बुंधा तोडला. तोडल्यावर तर जमिनीतल्या सगळ्या मुळांना जाग आल्यासारखं झालं आणि पुढच्या पावसाळ्यात फुटवे आधीपेक्षा जास्त. नांगरून, मुळं वेचून, पुन्हा वर येईल ते उपटून जमीन मोकळी करावी लागली.

यात झाडाचा दोष म्हणवत नाही. बेटांवरचे लोक हेच फुटवे काढून नवी लागवड करतात आणि खोड बारीक, सरळ असतानाच कापून साल काढतात. त्यांच्याकडं ते पीक आहे. दरवर्षी कापणी होणाऱ्या तुकड्यात जो गुण, तोच आंगणात जाच होतो. तुम्हाला खरंच सालीसाठी लावायचं असेल, आजूबाजूला कुणाचं वावर नसेल आणि कापणीला हात असतील, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा.

परागाचा मुद्दाही आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि कोवळ्या रोपावरून ते ओळखता येत नाही. इस्लामाबादमध्ये 1960 च्या दशकात ही झाडं भरपूर लावली गेली. आता दर मार्चमध्ये तिथं त्यांच्या परागानं दम्याचे रुग्ण बेजार होतात आणि झाडं तोडण्याच्या मोहिमा निघतात. एका झाडानं तसं होणार नाही, पण घरात दमेकरी असेल तर विचार करा. साध्या तुतीचाही पराग वाऱ्यावर उडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तुतीचे त्रास मला माहीत आहेत. फळं पिकली की आंगण जांभळं होतं, वाळत घातलेल्या धोतराला डाग पडतात, बुलबुल आणि साळुंक्या पहाटेपासून कालवा करतात. सावली विरळ, आणि छाटणी केली नाही तर फांद्या नुसत्या पसरतात. पण हे सगळं बुंध्याच्या घेऱ्यातच राहतं. दोरी दुसरीकडं बांधली की कपड्यांचा प्रश्न सुटतो. वैशाखातल्या वावधनात कागदी तुतीच्या फांद्या कडाकड मोडायच्या, तुतीच्या वाकून पुन्हा सरळ होतात. छाटलेला पाला बकऱ्या दोन्ही झाडांचा खातात, तरी आमच्या बकऱ्या आधी तुतीकडंच धावतात. आणि पोरांना झाडावर चढून खायला फळ मिळतं. कागदी तुतीचं नारिंगी फळही गोड असतं म्हणा, पण हातात घेतलं की लिबलिबतं.

तुती लावायचं ठरलं तर रोप विकत घेऊ नका. रेशीमवाल्यांकडं छाटणीच्या काड्या मागितल्या की मिळतात, मात्र त्यांची व्ही-1 ही जात पाल्यासाठीची आहे. फळ हवं असेल तर गावातल्या गोड फळांच्या झाडाचीच काडी आणा. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, मृगाचा पाऊस पडल्यावर तिरपी खोवायची. भारी जमिनीत पाणी साचतं, म्हणून उंचवट्यावर लावा. पहिले दोन उन्हाळे बुडाशी पऱ्हाटीचा भुगा किंवा तुरीचं कुटार अंथरून पाणी द्या. फळं संपली की छाटा, फळ नव्या फुटीवर येतं.