राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टल: परदेशातून अर्ज करणाऱ्याचे परीक्षण

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेले राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टल, म्हणजे लिंगओळखीच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करण्याचे संकेतस्थळ, परदेशात नोकरी करणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीच्या कितपत उपयोगी पडते, याविषयी मराठीत मला फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे परीक्षण. मी पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्मनोंद मुलीची असलेला पुरुष, जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर) काम करतो आणि माझे कायमचे घर सातारा जिल्ह्यात आहे. ‘ट्रान्सजेंडर’ अशी ओळख देणारे पहिले प्रमाणपत्र मी पुण्यात राहत असताना मिळवले, ‘पुरुष’ अशी नोंद देणाऱ्या दुसऱ्यासाठी २०२३ मध्ये जर्मनीतून अर्ज केला आणि त्याच्या आधारे पासपोर्टही जर्मनीतच बदलून घेतला. पुढचे सारे त्या वेळी लागू असलेल्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याला आणि त्याखालच्या २०२० च्या नियमांना धरून आहे. अर्ज करणाऱ्याने आपल्या वेळची तरतूद आधी वाचून घ्यावी.

पोर्टल म्हणून सांगायचे तर काम चोख आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि छायाचित्र चढवले की तो थेट संबंधित जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, अर्ज कुठवर पोहोचला ते घरबसल्या दिसते आणि मंजुरीनंतर प्रमाणपत्र तिथूनच उतरवून घेता येते. मला शुल्क भरावे लागले नाही आणि दुसऱ्या अर्जासाठी भारतात यावे लागले नाही, ही परदेशस्थ अर्जदाराच्या दृष्टीने मोठीच सोय. प्रमाणपत्राचा नमुना नियमांतच ठरवून दिलेला आहे: नाव, पालकांचे नाव, पत्ता, आणि खाली हे प्रमाणपत्र धारकाला सर्व शासकीय कागदपत्रांत नाव व लिंग बदलण्याचा हक्क देते, असे स्पष्ट वाक्य. या एका वाक्याने पुढे माझी बरीच भांडणे वाचवली.

खरी अडचण पोर्टलच्या मागे उभ्या असलेल्या नियमांत आहे. अर्जदार ज्या जिल्ह्यात अर्ज करतो, तिथे तो सलग बारा महिने राहिलेला असावा, अशी अट आहे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला भाडेकरार दाखवून हे भागवता येते. पण जो चार वर्षांपूर्वीच म्युनिकला किंवा डब्लिनला गेला, त्याचा जिल्हा कोणता? त्याच्याकडे भारतीय नागरिकत्व आहे, पासपोर्ट आहे, फक्त जिल्हा नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर परदेशी राहणारा पारलिंगी भारतीय आलाच नसावा, असे माझे मत झाले आहे. ज्यांचा परदेशी जाण्याचा बेत अजून कागदावरच आहे, त्यांनी निदान पहिले प्रमाणपत्र तरी निघण्याआधी हातात घ्यावे.

दुसरी गोष्ट क्रमाची. कायद्याच्या कलम ६ खालचे प्रमाणपत्र ‘ट्रान्सजेंडर’ अशी ओळख देते आणि मी अर्ज केला तेव्हा त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडून, कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या नाल्सा निकालात शस्त्रक्रियेची सक्ती नाकारली असताना ही पायरी कायद्यात का ठेवली, हे मला आजही पटलेले नाही. पण ती आहे, आणि तिच्यामुळे घाई महागात पडू शकते, कारण आधारमधील लिंगनोंद सामान्यतः एकदाच बदलता येते. पहिले प्रमाणपत्र मिळताच आधार केंद्रावर धावणाऱ्याची ती एकमेव संधी ‘ट्रान्सजेंडर’ या नोंदीवर खर्च होते, आणि ज्याला शेवटी ‘पुरुष’ लिहायचे आहे त्याला पुढे अपवादासाठी खेटे घालावे लागतात. ज्यांना ‘ट्रान्सजेंडर’ हीच नोंद हवी आहे, त्यांना अर्थातच थांबण्याचे कारण नाही. मी थांबलो, आणि त्यामागे प्रवासाचाही विचार होता: जर्मनीहून मुंबईला येणारी परवडणारी विमाने बहुधा दुबई किंवा दोह्यावरून येतात, आणि तिथल्या खिडकीवर लिंगाच्या रकान्यात ‘टी’ (ट्रान्सजेंडर) अक्षर असलेला पासपोर्ट पुढे करण्याची माझी तयारी नव्हती.

माझी शस्त्रक्रिया निघण्यापूर्वी भारतात झाली होती, त्यामुळे दाखला सरळ मिळाला. जर्मनीत शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी जर्मन कागदाचे शपथबद्ध भाषांतर आणि वकिलातीकडून प्रमाणीकरण यांसाठी वेळ राखून ठेवावा. भारत आणि जर्मनी यांच्यात अपोस्टिल (वकिलातीत न जाता कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) चालत नाही, हे पुष्कळांना ऐनवेळी कळते.

पासपोर्टच्या टप्प्यावर पोर्टलचे काम संपलेले असते आणि माणसांशी गाठ पडते. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रावरील कर्मचाऱ्याने नावबदल म्हटल्याबरोबर दोन वर्तमानपत्रांतील जाहिरातींची कात्रणे मागितली, एक कायमच्या पत्त्याच्या भागातले आणि एक सध्याच्या, आणि माझे जुने नाव रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा वाचले. विवाहानंतरच्या नावबदलाची आणि या नावबदलाची फाईल त्याच्या लेखी एकच होती. गावच्या पेपरात जुने-नवे नाव शेजारी शेजारी छापून आणणे म्हणजे काय, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. कलम ७ चा उल्लेख करून, प्रमाणपत्रातले ते वाक्य अधोरेखित करून आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडून मी वाणिज्य दूतावासाला लेखी अर्ज दिला, तेव्हा कात्रणांचा आग्रह सुटला. राजपत्राची प्रत खरे तर लागू नये. तरीही ती काढून ठेवा, खिडकीवरच्या माणसाला ओळखीचा कागद दिसला की काम पुढे सरकते.

पोलीस पडताळणी साताऱ्याच्या घरी झाली. हवालदारांनी आईला विचारले, “काकू, नोंद तर मुलीची दिसतेय, मग हे कोण?” आई म्हणाली, “आधी ते नाव होतं साहेब, आता हे आहे. कागद दाखवू का?” त्यांनी प्रमाणपत्राची प्रत पाहिली, चहा घेतला आणि सही करून गेले.

जर्मनीत नोव्हेंबर २०२४ पासून स्वनिर्णयाचा कायदा लागू आहे. त्याखाली ब्लू कार्डधारक परदेशी नागरिकालाही नोंदणी कार्यालयात, तीन महिने आधी सूचना देऊन, नुसत्या घोषणेवर नाव आणि लिंगनोंद बदलता येते. न्यायालय नाही, तज्ज्ञांचे अहवाल नाहीत. वाचायला हे फार आकर्षक वाटते. परंतु त्या घोषणेने भारतीय पासपोर्ट बदलत नाही, आणि एका देशात एक व दुसऱ्यात दुसरे अशा दोन ओळखी घेऊन विमानतळावर उभे राहण्यापेक्षा भारतीय कागद आधी बदलणे शहाणपणाचे. नवा पासपोर्ट हाती आल्यावर निवास परवाना, बँक आणि आरोग्य विमा यांना मला एकाच पत्राचा मजकूर पाठवावा लागला.

आधारसाठी मात्र बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर प्रत्यक्षच जावे लागते. तोवर भारतातले सिमकार्ड चालू ठेवा, कारण आधारचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. पोर्टलला मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक त्या बारा महिन्यांच्या अटीचा.